एकशे सदतीसच्या पुढे

सोमवारी सकाळी पहिलीच लॉरी काट्यावर चढली, चाकं जागेवर थांबली, तोलाराने वजनाची कळ दाबली आणि म्हातारीने पावती द्यायला साफ नकार दिला. पडद्यावर एक चौकोन आला. डिस्क भरली आहे, आता एक अक्षरही मावणार नाही, असा त्याचा मथितार्थ होता.

म्हातारी म्हणजे वजनकाट्याच्या खोलीतला कॉम्प्युटर. मूळचा पांढरा, आता जुन्या दातांच्या रंगाचा झालेला. भंगाराच्या त्या आवारात येणारी प्रत्येक लॉरी आधी भरलेली आणि मग रिकामी अशी दोनदा काट्यावर उभी राहायची आणि तिचं वजन म्हातारी लिहून ठेवायची. बावीस वर्षं ती लिहीत होती. तिच्यात जी सिस्टिम होती, तिची विचारपूस करणं बनवणाऱ्यांनीसुद्धा केव्हाच सोडलं होतं. पण काट्याच्या तारा ज्या कार्डाला जोडलेल्या, ते कार्ड नव्या कॉम्प्युटरमध्ये बसत नव्हतं. वजनाचा प्रोग्रॅम जुन्या सिस्टिमशिवाय उघडत नव्हता. आणि तो प्रोग्रॅम तोलाराशिवाय कुणाला चालवता येत नव्हता. अशी ही एकावर एक रचलेली उतरंड होती आणि तिच्या सगळ्यात वरच्या मडक्यात तोलाराची नोकरी होती.

वयाच्या हिशोबाने तो दोन वर्षांपूर्वीच घरी बसायला हवा होता. पण साहेब दर सहा महिन्यांनी मुदत वाढवायचे आणि वाढवताना दर वेळी तेच म्हणायचे, "ती चालतेय तोवर तुम्ही चालता, तोलार." असं म्हणून हसायचे. तोलारही हसायचा. दोघांपैकी एकालाच तो विनोद वाटत असे.

त्या सोमवारी साहेब हसले नाहीत. "जुनं पुसून टाका," ते म्हणाले.

"पुसलं तर पावतीचा नंबर पुन्हा एकपासून सुरू होईल साहेब. ती मागचं बघून पुढचा नंबर देते. शिवाय दहा वर्षांचं सगळं ठेवायचं, असा नियम आहे."

"मग जागा वाढवा. शनिवारपर्यंत झालं तर ठीक. नाहीतर मी नवा काटाच मागवतो. त्याला तोलार लागत नाही. ड्रायव्हर स्वतःच खिडकीतून हात काढून बटण दाबतो."

"आणि त्याने एक चाक काट्याबाहेर ठेवलं तर?"

"कॅमेरा असतो," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

तोलाराला नोकरी जाण्याची भीती नव्हती. भीती होती घरी बसण्याची. गेल्या वर्षी पाय मुरगळला म्हणून पंधरा दिवस तो घरी होता. घरच्यांना त्याची सवय होती ती सकाळी साडेसातच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर. मधल्या वेळातला तोलार त्यांना नको तेव्हा येऊन बसलेल्या पाहुण्यासारखा वाटला. ज्या खुर्चीत बसावं ती कुणाला तरी झाडायला हवी असायची. ज्या खोलीत जावं तिथे मुलाच्या दुकानाची खोकी. पंधराव्या दिवशी बायकोने त्याचा पाय दाबून पाहिला आणि म्हणाली, "उतरलीय की सूज. जा आता." तो लंगडत गेला होता.

मुलाचं दुकान कॉम्प्युटरचंच होतं. विकणं, दुरुस्त करणं, सगळं. त्यामुळे संध्याकाळी जेवताना तोलाराने विषय काढला.

"दोन जीबीची डिस्क?" मुलगा म्हणाला. "बाबा, ती आता जमीन खणून काढावी लागेल."

"मग चारची बघ."

"चारची नाही, आठची नाही, चाळीसचीही नाही. त्या जुन्या खोबणीत बसेल अशी माझ्याकडे एकच पडलीय. पाचशेची."

"पाचशे तिला झेपायची नाही."

"झेपायची नाही म्हणजे? ती काय डोक्यावर घ्यायची आहे तिला?"

"एकशे सदतीसच्या पुढे तिला मोजता येत नाही," तोलार म्हणाला. "पुस्तकात आहे."

त्या पुस्तकावरून घरात चेष्टा चालायची. म्हातारी आली तेव्हा तिच्याबरोबर विटेएवढं जाड पुस्तक आलं होतं. तोलार चौथीपर्यंत शिकलेला. शब्दकोश मांडीवर घेऊन, दोन लॉऱ्यांच्या मधल्या वेळात एक परिच्छेद, असं करत त्याने ते चार वर्षांत वाचलं. मागाहून दुरुस्तीची सुटी पानं आली, तीही वाचली. त्या आवारात, आणि बहुधा त्या शहरात, ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलेला तो एकटाच माणूस होता. पण ही गोष्ट कुणी विचारल्याशिवाय सांगण्यासारखी नव्हती आणि विचारलं कुणी नव्हतं.

"पुस्तक जुनं झालं, बाबा. आणि रॅमही वाढवतो. चौसष्ट एमबीवर चालवताय तुम्ही. माझ्या मनगटावरच्या घड्याळात त्याहून जास्त आहे."

"वाढव, पण बेताने. दोनशे छप्पन्न पुष्कळ झाली."

मुलाने पाण्याचा पेला खाली ठेवला. "बाबा, तुम्ही जन्मभर बेतानेच मागितलंत. म्हणून तर अजून त्याच खोलीत आहात."

बायको भांडी उचलता उचलता म्हणाली, "माझ्या गुडघ्यासाठी डॉक्टर आणायला दोन महिने लागले. त्या म्हातारीला मात्र जेवणाच्या ताटावर डॉक्टर."

गुरुवारी मुलगा पेटी घेऊन आवारात आला. म्हातारीचं झाकण काढलं, बावीस वर्षांची धूळ फुंकली, ती सगळी तोलाराच्या अंगावर गेली. जुन्या डिस्कवरचं सगळं त्याने नव्या डिस्कवर उतरवून घेतलं. ते झालं तासाभरात. काढलेली जुनी डिस्क टेबलावर पडली होती. साहेबांनी ती बोटाने बाजूला सरकवली.

"ही भंगारात टाका, तोलार. लांब जावं लागणार नाही."

तोलाराने ती उचलली आणि डब्याच्या पिशवीत टाकली. भंगारात टाकायला त्याचा हात धजेना, इतकंच. ही डिस्क चालू झाली तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता.

मग मुलाने एक जीबीची पट्टी बसवली आणि म्हातारी चालू केली. ती घरघरली, निळी झाली आणि थांबली. पडद्यावर आलं: मेमरी अपुरी आहे.

"हे कसं शक्य आहे?" मुलगा म्हणाला. आधीच्या सोळापट मेमरी घातली होती. चौसष्टवर बावीस वर्षं जिने तक्रार केली नाही, ती हजारावर उपाशी म्हणत होती.

"ऐक जरा," तोलार म्हणाला. "फार झालं की हिला असंच..."

"बाबा, दोन मिनिटं. प्लीज. मला विचार करू दे."

विचार करून त्याने दुसरी पट्टी घातली. दोन जीबी. मेमरी अपुरी आहे.

एव्हाना काट्याबाहेर नऊ लॉऱ्या लागल्या होत्या. पहिल्या लॉरीचा दाढीवाला ड्रायव्हर खिडकीशी येऊन उभा राहिला.

"काय मामा, अजून किती वेळ?"

"मेमरी कमी पडतेय म्हणते."

"मग घाला की."

"घातली, म्हणूनच म्हणतेय."

ड्रायव्हरने थोडा विचार केला. "माझ्या सासऱ्याचं असंच आहे. जेवढं वाढावं तेवढं, इथे माझी आबाळ होते म्हणतो. मी पलीकडे चहा घेतो. झालं की हॉर्न द्या. म्हणजे, हॉर्न माझ्याकडे आहे. हाक मारा."

साहेब आले. पडद्यावरची अक्षरं त्यांनी मोठ्याने वाचली आणि मुलाकडे वळले. "अहो, ती बिचारी सांगतेय कमी पडते म्हणून. मग हात का आखडता घेताय? टाका आणखी."

"तिसरी खोबण रिकामी आहे. दुकानातून घेऊन येतो," मुलगा म्हणाला आणि स्कूटरवरून गेला. त्याच्या पाठोपाठ साहेबही गेले. खोलीत तोलार आणि म्हातारी उरली.

तोलार खुर्चीवर बसला. म्हातारीला त्याने चित्रांशिवाय, नुसत्या काळ्या पडद्यावर चालू केलं. पुस्तकाच्या शेवटी, पानाच्या तळाशी बारीक अक्षरात दिलेली एक ओळ होती. ती त्याने एका बोटाने टाइप केली. त्या ओळीचा अर्थ एवढाच, की बाई गं, तुझ्याजवळ कितीही असो, तू अर्ध्या जीबीपर्यंतच मोज आणि पुढचं बघू नकोस. ओळ जतन केली. म्हातारी बंद केली आणि भिंतीकडे पाहत बसला.

मुलगा आला, तिसरी पट्टी घातली, कळ दाबली. म्हातारी सरळ चालू झाली. वजनाचा प्रोग्रॅम उघडला. पावतीचा पुढचा नंबर बरोबर आला.

"पाहिलंत? तीन जीबी लागत होती," मुलगा म्हणाला.

"मी म्हटलंच होतं," साहेब म्हणाले. "काटकसर कुठे करावी याला काही मर्यादा असते. काय तोलार?"

तीनातले अडीच जीबी म्हातारीला दिसतही नव्हते. "हो साहेब," तोलार म्हणाला आणि दाढीवाल्याला हाक मारली.

गोष्ट इथेच संपली असती तर तोलाराने ती आनंदाने संपवली असती. पण साहेबांनी पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा वाचला. पाचशेतली फक्त दोन भरली होती.

"बाकीची जागा रिकामी?" त्यांनी विचारलं. रिकामी जागा त्यांना बघवत नसे. आवारातही नाही. "माझ्या ऑफिसातला कॉम्प्युटर गळ्यापर्यंत आलाय. गेटच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग रोज येऊन पडतं. माझ्या सहलींच्या फिल्मही त्यातच. ते सगळं इकडे आणता येईल?"

"वायर ओढली की झालं," मुलगा म्हणाला.

"साहेब," तोलार म्हणाला, "पाचशे दिसतात, पण तिला एकशे सदतीसपर्यंतच मोजता येतं. त्याच्या पुढे गेलं की ती परत पहिल्या पानापासून लिहायला लागते. जुन्याच्या डोक्यावर."

साहेबांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा हसला. "असं नसतं सर. भरलं तर भरलं म्हणून सांगते. सोमवारी सांगितलंच की."

"तेव्हा डिस्क लहान होती," तोलार म्हणाला. "तेवढं तिला कळत होतं. हे तिला कळण्याच्या पलीकडचं आहे."

"तोलार," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "पाचशे म्हणजे पाचशे. तुम्ही वजनं करणारी माणसं. तुम्हाला हे मी सांगायचं?"

वायर ओढली गेली. दुसऱ्या दिवशी आकडा साठ झाला. साहेबांची समुद्रकिनाऱ्याची सहल आली, बर्फाची सहल आली, कुठल्याशा धबधब्यासमोर उभे राहून केलेलं हातवाऱ्यांचं भाषण आलं. त्यावर रोज गेटचे चार कॅमेरे, चोवीस तास, बंद फाटकाकडे पाहत काढलेलं रेकॉर्डिंग. नव्वद. एकशे चार. एकशे अठरा. तोलार सकाळी आल्या आल्या आकडा बघायचा आणि मग डब्याची पिशवी खुंटीला लावायचा.

एकशे एकतीस झाले त्या दिवशी तो उठून साहेबांच्या दारापर्यंत गेला. आत पाहुणे बसले होते आणि साहेब त्यांना बर्फाची फिल्म दाखवत होते.

"साहेब, तो आकडा..."

"तोलार, नंतर."

तोलाराने दाराच्या चौकटीवरचा हात काढला. तीनदा सांगून झालं होतं. चौथ्यांदा सांगावं असं एक मन म्हणत होतं आणि दुसरं मन म्हणत होतं, की नंतर म्हणालेत ना, मग होऊ दे नंतर. कितीही कबूल करायचं नाही म्हटलं, तरी त्या दुसऱ्या मनाची त्याला थोडी गोडी लागली होती. खोलीत येऊन त्याने चहा मागवला.

म्हातारी दुसऱ्या दिवशी पावणेबाराला गेली. काट्यावर पत्र्याने भरलेली लॉरी होती. वजन पडद्यावर आलं, अडखळलं, त्यातली दोन अक्षरं तिरकी झाली आणि सगळं थिजलं. तोलाराने बंद करून चालू केलं. काळ्या पडद्यावर पांढरं वाक्य आलं, की सिस्टिम सापडत नाही. बावीस वर्षांच्या पावत्या जिथे होत्या तिथे, अगदी पहिल्या पानापासून, आता साहेब धबधब्यासमोर उभे होते.

मुलगा धावत आला. दोन तास खटपट केली. मग घाम पुसत म्हणाला, "डिस्कच सदोष निघाली, सर. कधीकधी निघते. मी बदलून आणतो."

तोलार त्याच्याकडे बघत होता. मुलाने एकदाही वर पाहिलं नाही. डिस्क काढून त्याने खिशात घातली आणि ती पुन्हा कुणाला दिसली नाही. साहेबांनीही विचारलं नाही. सहलींच्या फिल्म काट्याच्या कॉम्प्युटरवर कशा आल्या, हे वरच्या कुणी विचारलं असतं तर त्यांना धबधब्यापेक्षा लांब भाषण करावं लागलं असतं.

"ती गेली, तोलार," साहेब म्हणाले. त्यांचा स्वर खरोखर हळवा होता. "तुम्हीही खूप केलंत. नवा काटा मी मागवलाय. शनिवारी खोलीची किल्ली माझ्याकडे द्या."

तोलाराने घरी सांगितलं. बायकोने हातातलं काम थांबवलं. "म्हणजे सोमवारपासून घरी?" तिने विचारलं आणि घरभर नजर फिरवली. कुठे ठेवावं हे न कळणारी वस्तू भेट आली की माणूस जसं बघतं, तसं.

शुक्रवारी नवा काटा बसला आणि त्याच्यावर शिक्का मारायला वजनमापांचे निरीक्षक आले. बारीक, चष्मेवाले, घाई नसलेले. त्यांनी नव्या काट्यावर वजनं ठेवून पाहिली, मान डोलावली आणि म्हणाले, "छान. आता जुन्या काट्याच्या दहा वर्षांच्या पावत्या दाखवा."

"त्या कॉम्प्युटरमध्ये होत्या," साहेब म्हणाले.

"मग आता नव्या कॉम्प्युटरमध्ये असतील."

"त्यात एक... डिस्क सदोष निघाली."

निरीक्षकांनी चष्मा पुसला. "जुना काटा बंद करताना त्याच्या नोंदी नव्यात आल्या पाहिजेत. त्याशिवाय मी कायमचा शिक्का देऊ शकत नाही. कागदाच्या प्रती असतील ना?"

कागदाच्या प्रती होत्या. प्रत्येक पावतीची तिसरी प्रत पोत्यात भरून गोदामात टाकायची पद्धत होती. पोती आणली गेली. साहेबांनी एक पावती उजेडात धरली. छपाईची फीत झिजलेली, त्यात तिसरी प्रत, त्यात दहा वर्षांचा दमटपणा. कागदावर काही लिहिलं आहे की नाही, इथपासून शंका.

"यात काही दिसतंय का कुणाला?"

तोलार कोपऱ्यात किल्ली घेऊन उभा होता. त्याने पावती हातात घेतली, तिरकी केली. "एकवीस टन चारशे वीस," तो म्हणाला. "लोखंडी सळ्या. आकडा उठला नव्हता म्हणून शेजारी पेन्सिलने मीच लिहिलाय. हा माझा चार आहे, सातासारखा दिसतो."

निरीक्षकांनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "तुम्ही हे टाइप करू शकाल?"

"करू शकेन."

"किती दिवस लागतील?" साहेबांनी विचारलं.

तोलाराने पोत्यांकडे पाहिलं. दिवसाला साठ लॉऱ्या, वर्षाचे तीनशे दिवस, दहा वर्षं. दिवसाला दोनशे पावत्या टाइप झाल्या तर... गणित त्याने मनातल्या मनात दोनदा केलं. उत्तर तेच आलं. पण ते गणित करत असताना त्याच्या डोळ्यांसमोर पोती नव्हतीच. घरातलं कपाट होतं, कपाटाच्या तळाशी जुना मफलर होता आणि मफलरात ती जुनी डिस्क होती. शेवटचे थोडे दिवस सोडले तर बावीस वर्षांच्या सगळ्या पावत्या त्यात नीट ओळीने होत्या. मुलाला नुसतं सांगितलं असतं तर तासाभरात नव्या कॉम्प्युटरवर चढल्या असत्या. आणि सोमवारी तोलार घरी, त्या खुर्चीत.

"दिवस नाही साहेब," तो म्हणाला. "तीन वर्षं."

साहेबांनी निरीक्षकांकडे पाहिलं. निरीक्षक म्हणाले, "मी तोवर तात्पुरता शिक्का देत राहीन. दर सहा महिन्यांनी."

किल्ली तोलाराकडेच राहिली.

नव्या काट्यावर ड्रायव्हर खिडकीतून हात काढून बटण दाबायचे. तोलार आपल्या खोलीत पाठमोरा बसून पावत्या टाइप करायचा. एका बोटाने, तिरका कागद धरून. दाढीवाला कधी खिडकीशी थांबायचा.

"मामा, मी कोणत्या पोत्यात आहे?"

"तू सहाव्या पोत्यात आहेस. अजून वेळ आहे तुला."

घरी मात्र तोलाराला मफलर जड झाला. चोरी म्हणावी तर साहेबांनीच भंगारात टाका म्हटलं होतं. खोटं म्हणावं तर त्याला कुणी प्रश्न विचारला नव्हता. तरी कपाटासमोरून जाताना तो पाय न वाजवता जायचा. पहिल्या महिन्यात एकदा मुलाने जेवताना, भाताकडे बघत, हळूच विचारलं, "बाबा, ती जुनी डिस्क... तिचं काय केलंत?"

"साहेब काय म्हणाले, ऐकलंस ना तू? भंगारात टाका म्हणाले."

मुलाने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी उमटलं. जुनी डिस्क सापडली असती तर नवी का गेली, हेही निघालं असतं. दोघंही पुढे भात जेवले. इतक्या एकमताने ते दोघं कित्येक वर्षांत जेवले नव्हते.

पाच महिने गेले. दोन पोती संपली, तिसरं उघडलं. तोलाराचे डोळे चुरचुरायला लागले. तिरका कागद धरून मान आखडली. रोज संध्याकाळी घरी येताना त्याला वाटायचं, पुरे झालं. आपलीच वजनं, एकदा केलेली, पुन्हा करायची आणि तीही उत्तर कपाटात ठेवून. असं तर शाळेतसुद्धा कुणी छळलं नव्हतं. त्यापेक्षा घरची खुर्ची परवडली. झाडू आला की पाय वर घ्यायचे, एवढंच ना. तिसऱ्या पोत्याच्या मध्यावर असताना त्याने ठरवलं, की उद्या डिस्क नेऊन द्यायची. कपाटाच्या मागे सापडली म्हणायचं. म्हातारा झालो, विसरलो म्हणायचं. त्याच्याकडून ते सगळे एका क्षणात मान्य करतील.

त्याने कपाट उघडलं. मफलर नव्हता.

"अगं, इथे तळाशी माझा मफलर होता."

"त्याला कसर लागली होती. फेकला."

"त्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं."

"तो लोखंडाचा ठोकळा? भंगारवाल्याला दिला की."

"कधी?"

बायकोने आठवून पाहिलं. "तुमची मुदत वाढली ना, त्याच आठवड्यात. म्हटलं, आता तुम्ही काही घरी बसत नाही, तर कपाट आवरून घ्यावं. का हो? कामाचा होता का?"

तोलार पलंगाच्या कडेवर बसला. पाच महिने तो ज्या कपाटासमोरून पाय न वाजवता चालला, त्यात काही नव्हतं. पाच महिने तो ज्याला लबाडी समजून झुरला, ती पहिल्या आठवड्यापासून सरळ, निखळ, खरी नोकरी होती. आणि त्या भागातलं सगळं भंगार शेवटी कुठल्या आवारात येतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं. त्या आठवड्यात ठोकळा बहुधा त्याच्याच पाठीमागून काट्यावरून गेला असेल. कुणा ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून बटण दाबलं असेल.

"नाही गं," तो म्हणाला. "कामाचा नव्हता."

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा खोलीत जाऊन बसला. अकराच्या सुमारास साहेब आले. उरलेल्या पोत्यांवरून नजर फिरवली, ओठ मुडपले.

"तोलार, अगदी खरं सांगा. तीन वर्षं म्हणालात, ती खरंच लागतील का?"

"लागतील साहेब," तोलार म्हणाला. "कालपासून नक्की लागतील."

"कालपासून म्हणजे?"

"काल डोळे जरा जास्त दुखले," तोलार म्हणाला आणि पुढची पावती उजेडात तिरकी धरली.